पायरसीच्या यादीत अडकलेलं संकेतस्थळ सोडवायचं कसं

भारतात चोरीच्या चित्रपटांवरची इंटरनेटबंदी बहुतेक वेळा न्यायालयातून येते. निर्माता किंवा प्रक्षेपण कंपनी दावा लावते, सोबत संकेतस्थळांची यादी जोडते आणि समोरच्याला न ऐकताच मनाई हुकूम मिळवते. दूरसंचार विभाग ती यादी इंटरनेट कंपन्यांना पाठवतो आणि कंपन्या नावं बंद करतात. यादी बनवणारा आणि तिचा फायदा घेणारा एकच असतो. ज्याचं नाव त्यात गेलं त्याला अनेकदा वाचकांच्या तक्रारींवरूनच काय ते कळतं.

हे वारंवार घडलं आहे. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचा एक आदेश हाती धरून कंपन्यांनी चित्रफितींचं व्हिमिओ आणि मजकूर साठवणारं पेस्टबिन अशी अख्खी संकेतस्थळं बंद केली. जून महिन्यात न्यायालयाला सांगावं लागलं, की ठरावीक पत्तेच बंद करा. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी दिल्लीत ४७२ संकेतस्थळांवर बंदी आली, मग ती यादी २१९ वर आणावी लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये पुन्हा मद्रासच्याच एका आदेशात २६५० च्या आसपास पत्त्यांमध्ये इंटरनेट आर्काइव्ह गेलं. जुनी पुस्तकं आणि बंद पडलेली पानं जपून ठेवणारं ग्रंथालयच चोरांच्या रांगेत उभं राहिलं.

हे मार्गदर्शन ज्यांचं काम कायदेशीर आहे त्यांच्यासाठी आहे: चित्रपट परीक्षणं, उपशीर्षकं, हक्क संपलेल्या पुस्तकांचं आणि चित्रफितींचं संकलन, लोकांना फाइल चढवू देणारी छोटी सेवा. खरोखरच नवे चित्रपट फुकट वाटणाऱ्याला यातलं काही उपयोगी पडणार नाही, आणि पडूही नये.

आधी बंदी नेमकी कुठे आहे ते पाहा

संकेतस्थळ उघडत नाही म्हणजे सरकारनं बंद केलं, असं लगेच धरू नका. डोमेनचं नूतनीकरण राहिलं, होस्टिंगचं बिल थकलं, सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली, किंवा कार्यालयाच्या नेटवर्कनं स्वतःची गाळणी लावली, असंही असतं. हे तपासायला अर्धा तास पुरतो. तो वाचवलात, तर पुढे चुकीच्या कार्यालयाकडे महिनाभर पत्रव्यवहार करत बसाल.

पहिली पायरी डोमेनची. हूइज शोधात, म्हणजे डोमेन कुणाचं आणि कोणत्या स्थितीत आहे ते दाखवणाऱ्या सार्वजनिक नोंदीत, आपल्या डोमेनचं नाव टाका आणि स्थितीची ओळ वाचा. तिथे 'क्लायंट होल्ड' किंवा 'सर्व्हर होल्ड' असं दिसलं, तर डोमेनच गोठवलं आहे. मग ते पुण्यात उघडणार नाही आणि लंडनमध्येही नाही. दिल्लीचे अलीकडचे आदेश डोमेन विकणाऱ्या कंपन्यांनाही नाव कुलूपबंद करायला सांगतात, त्यामुळे ही शक्यता आता वाढली आहे. डोमेन 'होल्ड'वर असेल तर इंटरनेट कंपनीला लिहून काही होत नाही. आधी ज्याच्याकडून नाव घेतलं त्याच्याकडे आदेशाची प्रत मागा.

डोमेन ठीक असेल तर निदान तीन नेटवर्कांवर पाहा: एक मोबाइल कंपनी, एक घरचं ब्रॉडबँड आणि जमल्यास बीएसएनएल. सोबत परदेशातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला पत्ता उघडून पाहायला सांगा. तीनही ठिकाणी एकच निकाल आला नाही तर गोंधळू नका. या विषयावरच्या एका मोठ्या तांत्रिक पाहणीत सहा कंपन्यांपैकी किमान एकीनं बंद केलेली ४०३३ संकेतस्थळं सापडली, पण त्यातली सहाही कंपन्यांनी बंद केलेली फक्त १११५ निघाली. आदेश एकच असला तरी प्रत्येक कंपनी तो आपल्या पद्धतीनं आणि आपल्या सवडीनं लावते. म्हणून 'माझ्याकडे तर चालतंय' हे कुणाचं उत्तर पुरावा म्हणून धरू नका.

मग बंदीची पद्धत ओळखा. पद्धती मुख्यतः तीन.

डीएनएसमधली, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी (आयपी) पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतली, फेरफार सगळ्यात सोपी. संगणकावर 'एनएसलुकअप' ही आज्ञा आपल्या डोमेनसाठी दोनदा चालवा. एकदा कंपनीचा नेहमीचा सर्व्हर ठेवून आणि दुसऱ्यांदा १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हा सार्वजनिक सर्व्हर देऊन. पहिल्या वेळी भलताच आयपी पत्ता आला किंवा 'असं नावच नाही' असं उत्तर आलं आणि दुसऱ्या वेळी तुमच्या होस्टिंगचा खरा पत्ता आला, तर फेरफार इथे आहे. एक सावधगिरी: क्लाउडफ्लेअरसारख्या, पानं जगभरच्या सर्व्हरांवरून पोहोचवणाऱ्या सेवेमागे असलेल्या संकेतस्थळाला ठिकाणानुसार वेगवेगळे आयपी मिळणं नेहमीचंच आहे. आयपी वेगळा आला एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. तो कुणाच्या मालकीचा आहे ते हूइजमध्ये पाहा.

दुसरी पद्धत साध्या, कुलूप नसलेल्या (एचटीटीपी) जोडणीवरची. तुमच्या पानाच्या जागी कंपनीचं पान येतं आणि त्यावर दूरसंचार विभागाच्या किंवा न्यायालयाच्या निर्देशानुसार पत्ता बंद केल्याचं लिहिलेलं असतं. ही पाटी मिळाली तर नशीब समजा, कारण तीच सगळ्यात स्पष्ट कबुली आहे.

तिसरी पद्धत कुलूपबंद (एचटीटीपीएस) जोडणीवरची, आणि लोक फसतात ती इथेच. जोडणी सुरू होताना ब्राउझर कोणत्या नावाचं संकेतस्थळ हवं ते उघड अक्षरांत सांगतो. त्या भागाला एसएनआय म्हणतात. कंपनीचं यंत्र ते नाव वाचतं आणि जोडणी तोडून टाकतं. पडद्यावर फक्त 'जोडणी तुटली' असं दिसतं, ना कारण, ना आदेशाचा क्रमांक. कंपनीला इथे पाटी दाखवताच येत नाही, कारण तुमच्या नावाचं प्रमाणपत्र तिच्याकडे नसतं. त्यामुळे मालकाला सर्व्हर बिघडल्यासारखं वाटतं, आणि तो होस्टिंगवाल्याशी भांडत आठवडे घालवतो. खात्री करायची असेल तर संगणकावर 'कर्ल' ही पान मागवणारी आज्ञा तपशिलाच्या पर्यायासह चालवा. जोडणी आयपीपर्यंत पोहोचते आणि हस्तांदोलनाच्या, म्हणजे कुलूप जुळवण्याच्या, पहिल्याच पावलावर तुटते, हे ओळीओळीनं दिसतं. त्याच आयपीवरचं दुसरं एखादं नाव नीट उघडत असेल, तर शंका उरत नाही.

कायदेशीर कारणानं अडवलेल्या पानासाठी ४५१ हा खास संकेतांक २०१६ पासून ठरलेला आहे. इंटरनेट कंपन्यांच्या बंदीत तो क्वचितच दिसतो, तेव्हा त्याची वाट पाहू नका.

व्हीपीएन (जोडणी दुसरीकडून वळवणारी सेवा) लावून पान उघडलं तर एवढंच कळतं, की सर्व्हर जिवंत आहे. प्रश्न सुटला असं समजून थांबू नका, तुमच्या वाचकांना ते पान अजून बंदच असतं.

पुरावा त्याच दिवशी बांधून ठेवा

बंदी कधीकधी दोन दिवसांत आपोआप उठते आणि पुन्हा येते. म्हणून दिसली त्याच दिवशी नोंद करा. प्रत्येक चाचणीसाठी तारीख, वेळ, शहर, नेटवर्कचं नाव, वापरलेला डीएनएस सर्व्हर आणि आज्ञेचं संपूर्ण उत्तर मजकुराच्या फाइलमध्ये साठवा. पडद्याचं चित्रही घ्या, पण त्यावर विसंबून राहू नका. चित्र कुणीही बनवू शकतो, आज्ञेचं लांबलचक उत्तर खोटं करणं तुलनेनं अवघड असतं.

ऊनी प्रोब हे इंटरनेटबंदी तपासणारं मोफत अ‍ॅप मोबाइलवर टाका आणि त्यात आपला पत्ता देऊन वेब चाचणी चालवा. निकाल ऊनी एक्सप्लोररवर सर्वांना दिसेल असा प्रकाशित होतो आणि त्याचा कायमचा दुवा मिळतो. तटस्थ ठिकाणी, तारखेसह साठलेली नोंद पत्रात जोडायला फार उपयोगी पडते. अ‍ॅप 'विसंगती' म्हणतं तेव्हा बंदीची शक्यता असते, 'पक्की' म्हणतं तेव्हा ओळखीची बंदीपाटी सापडलेली असते. हा फरक पत्रातही जपा. विसंगतीला पक्की बंदी म्हटलंत, तर पहिल्याच उत्तरात तुमचा शब्द हलका होतो.

प्रकरण न्यायालयात जाणार असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लक्षात ठेवा. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग नोंद सादर करणारा भरतो आणि दुसरा तज्ज्ञ. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा जणू बोटाचा ठसा, द्यावं लागतं. म्हणून प्रत्येक पुराव्याच्या फाइलचं एसएचए-२५६ हॅश त्याच दिवशी काढून वहीत लिहा. विंडोजवर 'सर्टयुटिल' हे काम करतं. नंतर फाइल नुसती उघडून पुन्हा साठवली तरी हॅश बदलू शकतं, तेव्हा मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा.

वाचकसंख्येचा आलेखही जपा. वर्षअखेरीची आकडेवारी नको, बंदीच्या आधीचे तीस आणि नंतरचे तीस दिवस, राज्यांप्रमाणे वेगळे काढलेले. नुकसान दाखवायला न्यायाधीशांपुढे हाच कागद सगळ्यात आधी जातो.

कुठल्या वाटेनं बंदी आली

उपाय वाटेवर ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली केंद्र सरकार संकेतस्थळ बंद करू शकतं, पण त्याची कारणं ठरलेली आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रसंबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. त्यात लेखनहक्काचं (कॉपीराइटचं) उल्लंघन नाही. पायरसीचं कारण सांगून कुणी ६९-अ पुढे केलं, तर पहिला आक्षेप इथेच घ्या. या कलमाखालच्या आदेशांना गोपनीयतेचा नियम आहे, लेखनहक्काच्या दाव्यातल्या आदेशांना तो नाही. हा फरक तुमच्या फायद्याचा आहे.

दुसरी वाट २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीची. या कायद्यानं चित्रपटगृहात चित्रीकरण करणं आणि चोरीची प्रत दाखवणं यासाठी तीन महिने ते तीन वर्षं कैद ठेवली. दंड किमान ३ लाख रुपये, आणि जास्तीत जास्त चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. त्यासोबत सरकारला मध्यस्थ कंपन्यांवरची, म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या किंवा पोहोचवणाऱ्या कंपन्यांवरची, प्रत हटवण्याचा अधिकार दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं यासाठी १२ अधिकारी नेमले. तक्रार आल्यावर ते मजकूर हटवायला सांगतात आणि मध्यस्थानं ४८ तासांत तो हटवायचा असतो. इथे न्यायालय मध्ये येतच नाही. सरकारी अधिकारी, एक अर्ज आणि ४८ तास, एवढ्यावर मजकूर जातो. पायरसीविरोधी कायदा सेन्सॉरशिपच्या सगळ्यात जवळ येतो तो इथे, आणि म्हणून या वाटेवर कागदपत्र मागण्यात अजिबात संकोच करू नका.

या वाटेवर दोन मुद्दे हाताशी ठेवा. सिनेमॅटोग्राफ कायद्याचं कलम ६-अब चोरीची प्रत नफ्यासाठी दाखवण्याबद्दल बोलतं. आणि संकेतस्थळाच्या बाबतीत ते दाखवणं लेखनहक्क कायद्याखाली किंवा अन्य कायद्याखाली उल्लंघन ठरावं लागतं. लेखनहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षा, परीक्षण आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनाला मुभा आहे. परीक्षणात वीस सेकंदांचं दृश्य वापरलं असेल तर तेच कलम पुढे करा. शिवाय तक्रार करणारा स्वतः हक्कधारक नसेल किंवा त्याला अधिकारपत्र नसेल, तर तक्रार खरी आहे का ते पाहायला अधिकारी सुनावणी घेऊ शकतो. तक्रारदार कोण होता, हा प्रश्न लेखी विचारा.

तिसरी वाट नोटिशीची, आणि ती फाइल साठवणाऱ्या सेवांना लागते. लेखनहक्क नियम २०१३ चा नियम ७५ सांगतो, की हक्कधारकाची लेखी तक्रार आली तर मध्यस्थानं ३६ तासांत त्या मजकुरापर्यंतची पोहोच बंद करावी. पण तक्रारीत कोणती कृती, हक्क कसा सिद्ध होतो, कोणत्या जागी प्रत आहे, ती कलम ५२ मध्ये का बसत नाही, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणण्याची हमी, एवढं सगळं असावं लागतं. २१ दिवसांत आदेश आला नाही, तर मजकूर पुन्हा खुला करता येतो आणि त्याच तक्रारदाराच्या त्याच जागेबद्दलच्या नव्या नोटिशीला उत्तर देण्याचं बंधन उरत नाही. बाविसाव्या दिवशी होस्टिंगवाल्याला पत्र लिहायचं, हे कॅलेंडरवर टाका. कुणी आठवण करून दिल्याशिवाय मजकूर परत येत नाही.

चौथी वाट न्यायालयाच्या आदेशाची, सगळ्यात रहदारीची.

आदेश शोधणं

बंदी उठवण्याचं निम्मं काम म्हणजे आपलं नाव असलेला आदेश सापडणं. तो सापडेपर्यंत कुणालाही 'अन्याय झाला' असं पत्र लिहू नका. उत्तर एकच येतं: आम्ही फक्त आदेश पाळला.

सुरुवात दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावरून करा. न्यायालयीन आदेशांखाली इंटरनेट कंपन्यांना पाठवलेल्या बंदीच्या सूचना तिथे एकत्र ठेवलेल्या असतात. सूचनेत दाव्याचा क्रमांक आणि पक्षकारांची नावं असतात. बंदी सुरू झाली त्या तारखेच्या आधीचे दोन आठवडे पाहा. त्या काळात कोणता मोठा चित्रपट किंवा कोणती क्रिकेट मालिका आली हे आठवलं, तर वादी कोण असेल याचा अंदाज येतो.

मग उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं शोधा. दिल्लीत हे दावे 'सीएस (कॉम)' या मालिकेत येतात. प्रतिवादींच्या नावात 'जॉन डो' किंवा दिल्लीची खास सोय असलेला 'अशोक कुमार' दिसेल. म्हणजे अनोळखी प्रतिवादी. ही पद्धत भारतात २००२ मध्ये दिल्लीतच सुरू झाली. प्रतिवादींमध्ये बहुधा चार गट असतात: संकेतस्थळं, डोमेन विकणारे, इंटरनेट कंपन्या आणि शेवटी दूरसंचार व माहिती तंत्रज्ञान खाती.

आता सगळ्यात जास्त लोक अडखळतात ती जागा. मूळ आदेशात आपलं नाव नसतं. माणूस निराश होऊन थांबतो. नाव नंतर आलेलं असतं. १० एप्रिल २०१९ ला यूटीव्ही विरुद्ध १३३७एक्स या दाव्यात, क्रमांक ७२४/२०१७, दिल्ली उच्च न्यायालयानं 'गतिमान मनाई' मान्य केली. बंद केलेलं संकेतस्थळ नाव बदलून परत आलं तर नवा दावा लावायची गरज नाही, वादीनं संयुक्त निबंधकांपुढे (न्यायालयाच्या कार्यालयीन अधिकाऱ्यांपुढे) प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि नवं नाव जोडून घ्यायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये युनिव्हर्सल सिटी स्टुडिओजच्या दाव्यात याच्याही पुढे जाऊन अजून तयारही न झालेल्या चित्रपटांना संरक्षण मिळालं. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात तर सामना सुरू असतानाच नावं कळवायची आणि प्रतिज्ञापत्र मागाहून द्यायचं, अशी मुभा दिली गेली. म्हणून मूळ आदेशावर थांबू नका. त्या दाव्यातले नंतरचे सगळे आदेश, निबंधकांचे तर विशेषच, एकेक करून उतरवून घ्या आणि प्रत्येकात आपलं डोमेन शोधा. प्रत स्कॅन केलेली असेल तर संगणकाचा शोध चालत नाही, डोळ्यांनी वाचावं लागतं. यादीत नाव तुमचंच आहे की एका अक्षराच्या फरकाचं, तेही पाहा. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की भलत्याच माणसाचं दार बंद होतं.

एवढं करून सापडलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर १० रुपये शुल्क आहे आणि मजकुराला ३००० अक्षरांची मर्यादा. अर्ज दूरसंचार विभागाकडे करा. प्रश्न असे ठेवा:

१. अमुक डोमेन बंद करण्याची सूचना आपल्या कार्यालयानं दिली असल्यास तिचा क्रमांक, तारीख आणि प्रत.
२. ती ज्या आदेशावर आधारित आहे त्या दाव्याचा क्रमांक, न्यायालयाचं नाव आणि आदेशाची तारीख.
३. त्या सूचनेसोबतची पत्त्यांची संपूर्ण यादी.
४. ती सूचना मागे घेतली किंवा बदलली असल्यास त्या पत्राची प्रत.

'का बंद केलं' असं विचारू नका. माहिती अधिकारी मत देत नाही, कागद देतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. सुरक्षेचं कारण देऊन नकार आला, तर अपिलात लिहा की ही बंदी ६९-अ खालची नसून खुल्या न्यायालयाच्या आदेशावरची आहे. खाजगी इंटरनेट कंपनीला हा कायदा थेट लागू नाही, बीएसएनएलला आहे.

पत्र आणि अर्ज

आदेश हाती आल्यावर पहिलं पत्र न्यायालयाला नाही, वादीच्या वकिलाला. त्याचं नाव आदेशाच्या पहिल्या पानावर असतं. चूक उघड असेल तर वकील संमतीनं नाव वगळून देण्याची शक्यता चांगली असते, कारण न्यायालयापुढे खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याचा ठपका त्याच्या अशिलाला नको असतो. पत्र दोन पानांचं ठेवा. आदेशातला अनुक्रमांक, आपल्या संकेतस्थळावर काय आहे, वादीची कोणतीही कृती तिथे नाही किंवा असली तर ती नेमक्या कोणत्या एका पत्त्यावर होती आणि कधी काढली, आणि सात दिवसांची मुदत.

सोबत हक्कांची फाइल जोडा. ज्यांच्याकडे ती आधीपासून तयार असते त्यांचं काम लवकर होतं. प्रत्येक मोठ्या मजकुरासमोर त्याचा आधार लिहा: स्वतःची निर्मिती, लेखी परवानगी, मुक्त परवाना, कलम ५२, किंवा मुदत संपलेली. मुदतीचा हिशेब असा. साहित्यकृतीला लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षं, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतरची ६० वर्षं. पण चित्रपटाची मुदत संपली तरी त्यातल्या गाण्यांच्या शब्दांची आणि संगीताची मुदत गीतकार आणि संगीतकाराच्या निधनावरून मोजतात, आणि ती कितीतरी पुढे जाऊ शकते. जुने मराठी चित्रपट चढवणारे नेमके इथेच पकडले जातात.

यूटीव्हीच्या २०१९ च्या निकालानं 'दुष्ट' संकेतस्थळ ओळखायच्या खुणा दिल्या आहेत: मुख्य उद्देश चोरीचा आहे का, मालकाची माहिती लपवली आहे का, हटवण्याच्या नोटिशींना उत्तर दिलं जातं का, बंदी चुकवायचे मार्ग शिकवले जातात का. तुमचं पत्र या खुणा एकेक करून खोडणारं हवं. हूइजमध्ये मालकाचं नाव आता बहुतेक ठिकाणी आपोआप झाकलेलं असतं, त्यामुळे संपर्काच्या पानावर खरं नाव, टपालाचा पत्ता आणि चालणारा ई-मेल ठेवा. आलेल्या प्रत्येक नोटिशीची तारीख आणि केलेली कारवाई यांची वही ठेवा. लोकांनी चढवलेल्या फाइली वेगळ्या उपडोमेनवर ठेवल्यात, तर 'फक्त एवढाच भाग बंद करा' असं म्हणायला जागा राहते.

मुंबई उच्च न्यायालयाचा २०१६ चा ईरॉस इंटरनॅशनल विरुद्ध बीएसएनएल या दाव्यातल्या आदेशांचा क्रम पत्रात जरूर दाखवा. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अख्खी संकेतस्थळं बंद करायला नकार दिला. नेमके पत्ते द्या, ते तपासा आणि शपथेवर सांगा, असं बजावलं. बंदीच्या पाटीवर तक्रारीचा ई-मेल पत्ता हवा आणि ४८ तासांत कार्यवाहीचा तपशील मिळायला हवा, हेही त्यातलंच. नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, हा खुलासाही याच प्रकरणात झाला. दिल्लीच्या खंडपीठानं त्याच वर्षी जुलैमध्ये उलट बाजूनं, अख्खं संकेतस्थळ बंद करता येतं असं ठरवलं. म्हणून दिल्लीत मुंबईचा दाखला बंधनकारक नसतो. तिथे 'आम्ही त्या खुणांत बसतच नाही' हाच मुद्दा जास्त चालतो.

वकिलानं उत्तर दिलं नाही तर त्याच न्यायालयात, त्याच दाव्यात अर्ज. वाणिज्य न्यायालय कायद्याखालचं अपील ६० दिवसांत करायचं असतं, पण दाव्यात पक्षकार नसलेल्याला आधी परवानगी मागावी लागते, म्हणून अर्ज ही जवळची वाट. तुमचं डोमेन प्रतिवादी म्हणून नोंदलेलं असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम ४ खाली मनाई उठवण्याचा किंवा बदलण्याचा अर्ज पुरतो. 'अशोक कुमार'च्या छत्राखाली गेलं असेल, तर आदेश १ नियम १० खाली पक्षकार होण्याचा अर्जही जोडा. जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान करून एकतर्फी हुकूम मिळवला असेल, तर तो उठवावा असं नियम ४ चं पहिलं परंतुक सांगतं. निबंधकांच्या आदेशानं नाव जोडलं असेल, तर दिल्लीच्या मूळ शाखेच्या नियमांत न्यायाधीशांकडे जायला १५ दिवस असतात. ही मुदत अनेकांच्या हातून निसटते, कारण आदेश सापडेपर्यंतच ती संपते. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत द्या आणि तुम्हाला बंदी कधी कळली ते ऊनीच्या नोंदीनं दाखवा.

आदेश ३९ नियम ३ कडेही लक्ष द्या. एकतर्फी हुकूम मिळाल्यावर वादीनं दाव्याच्या प्रती लगेच पाठवायच्या असतात आणि पाठवल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी द्यायचं असतं. संपर्काच्या पानावर ई-मेल असूनही तुम्हाला काहीच आलं नसेल, तर तो मुद्दा अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात घ्या.

मागण्या स्पष्ट लिहा: नाव यादीतून काढावं, निदान बंदी अमुक एका पत्त्यापुरती ठेवावी, डोमेनचं कुलूप काढावं, आणि दूरसंचार विभागानं ठरावीक तासांत सर्व कंपन्यांना तसं कळवावं. शेवटची मागणी विसरलात तर आदेश कागदावरच राहतो.

सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या वाटेनं मजकूर गेला असेल, तर हा दिवाणी दावा नसतो. तिथे सरकारी निर्णयाविरुद्ध राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, आणि त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. मुंबईसह नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजीजवळच्या पर्वरीचं गोवा खंडपीठ, जिथे तुमचं काम चालतं तिथलं पीठ पाहता येतं. पैशांची अडचण असेल तर इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन किंवा एसएफएलसी या संस्थांना कागदपत्रांसह लिहा. चित्रफिती चालवणाऱ्या व्हीएलसी प्लेअरचं संकेतस्थळ २०२२ च्या फेब्रुवारीत भारतात बंद झालं तेव्हा ऑक्टोबरमध्ये फाउंडेशनच्या मदतीनं कायदेशीर नोटीस गेली आणि नोव्हेंबरमध्ये ते खुलं झालं. ते प्रकरण पायरसीचं नव्हतं, पण आदेशाची प्रत आणि बाजू मांडण्याची संधी मागणं, ही पद्धत तीच.

आदेश बदलल्यावर

नाव वगळलं म्हणजे पान उघडलं असं नाही. प्रमाणित प्रत दूरसंचार विभागाला, डोमेन विकणाऱ्याला आणि प्रमुख इंटरनेट कंपन्यांच्या तक्रार अधिकाऱ्यांना त्याच दिवशी पाठवा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मध्यस्थानं तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीपासून, ७ दिवसांत (आधी १५) द्यायचा असतो. पोचेचा क्रमांक जपा. मोठ्या कंपन्या आधी मोकळं करतात. शहरातल्या केबलवाल्या छोट्या कंपन्यांकडे जुनी यादी तशीच पडून राहते.

म्हणून सुरुवातीच्या तीनही चाचण्या आठवड्यानं आणि महिन्यानं पुन्हा करा, वाचकांनाही आपापल्या गावातून ऊनी प्रोब चालवायला सांगा आणि जिथे अजून बंद आहे त्या कंपनीला निकालाचा दुवा आणि आदेशाचं पान जोडून लिहा. तोच वादी दुसऱ्या चित्रपटासाठी नवा दावा लावताना जुनी यादी पुन्हा जोडण्याचा धोका राहतो. नाव वगळल्याचा आदेश संपर्काच्या पानावरच ठेवा, आणि वादीच्या वकिलाकडून पुढच्या कोणत्याही यादीत हे नाव घेणार नाही असं लेखी घ्या. ते दिलं नाही तर तीच मागणी अर्ज निकाली निघण्याआधी न्यायालयापुढे नोंदवा.